मुलांचे दात: कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही

मुलांच्या दातांबाबत पालक दोन टोकांना जातात. पुढच्या दोन दातांत फट दिसली की तार लावायची घाई होते आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या वरच्या सुळ्याचा पत्ता नसला तरी ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. फट बहुधा आपोआप मिटते. अडकलेला सुळा मात्र वेळेत पाहिला नाही तर शस्त्रक्रियेपर्यंत प्रकरण जातं. वाढत्या वयातल्या दातांच्या तक्रारींत उपचाराइतकंच महत्त्व वयाला आहे. आठव्या वर्षी साध्या प्लेटने सुटणारी गोष्ट अठराव्या वर्षी तशी सुटत नाही. म्हणून खाली शक्य तिथे तक्रारीसोबत वयही दिलं आहे.

आधी वेळापत्रक

दुधाचे दात २०. खालचे मधले दोन साधारण ६ ते १० महिन्यांत दिसतात, वरचे मधले ८ ते १२ महिन्यांत आणि त्यांच्या शेजारचे ९ ते १६ महिन्यांत. मग पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ महिन्यांत आणि शेवटी दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. दाढ सुळ्याच्या आधी येते, त्यामुळे मध्ये काही महिने रिकामी जागा दिसते. त्यात काळजीचं काही नाही.

पक्के दात अक्कलदाढा धरून ३२. सहाव्या-सातव्या वर्षी पहिली पक्की दाढ आणि खालचे मधले दात येतात. सातव्या-आठव्या वर्षी वरचे मधले आणि खालचे शेजारचे, आठव्या-नवव्या वर्षी वरचे शेजारचे. मग थोडा काळ शांतता असते. नवव्या-दहाव्या वर्षी खालचे सुळे, १० ते १२ मध्ये उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात), अकराव्या-बाराव्या वर्षी वरचे सुळे आणि ११ ते १३ मध्ये दुसरी पक्की दाढ. अक्कलदाढ आलीच तर १७ ते २१ च्या दरम्यान.

या आकड्यांत सहा महिने मागेपुढे चालतं. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचं. तारखेपेक्षा जोडी आणि क्रम जास्त बोलके असतात. एका बाजूचा दात आला आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात सहा महिने उलटूनही आला नाही, तर एक्स-रे काढायला हवा. वरचे शेजारचे दोन्ही आले आणि मधला एक नाही, म्हणजे क्रम मोडला. तिथेही थांबायचं नाही.

पहिला दात वर्षभरात आला नाही तर एकदा दाखवून घ्या. दीड वर्षानंतरही तोंड रिकामं असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि एकंदर वाढ तपासून घ्यायची. दातांना उशीर हा थायरॉइडची कमतरता, मुडदूस किंवा डाऊन सिंड्रोम यांतही दिसतो.

दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, किरकिर वाढते. ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप किंवा जुलाब मात्र दातांमुळे होत नाहीत. ‘दात येतायत’ म्हणून अशा तापाकडे दुर्लक्ष करू नका. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावायची नाही, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते. स्वच्छ, गार, ओला कपडा चावायला दिला तरी पुरतं. येणाऱ्या दातावर निळसर फुगवटा दिसला तर तो बहुधा दाताभोवतीच्या पिशवीत साठलेला द्रव असतो. दात वर आला की तो फुटतो. टोचायचा नाही.

घरी तपासणी: दर सहा महिन्यांनी पाच मिनिटं

लहान बाळासाठी दोन मोठी माणसं लागतात. समोरासमोर बसा, गुडघे गुडघ्यांना टेकवा. बाळाचे पाय एकाच्या कमरेशी आणि डोकं दुसऱ्याच्या मांडीवर येईल असं त्याला आडवं करा. डोकं ज्याच्याकडे आहे त्याने मोबाइलचा टॉर्च लावून वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर उचलायचा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर ड्रिल न लावताही ती थांबवता येते.

मोठ्या मुलाला उजेडात बसवा आणि हा क्रम ठेवा:

१. दात मोजा, वरचे वेगळे आणि खालचे वेगळे. दोन दात जोडल्यासारखा एखादा रुंद दात दिसला तर तो एक धरा आणि तसं लिहून ठेवा.

२. डावी-उजवी बाजू जुळवून पाहा. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं काय आहे?

३. मागच्या दाढा एकमेकींवर टेकवून तोंड मिटायला सांगा, दोन्ही गाल बोटांनी बाजूला ओढा. वरचे दात सगळीकडे खालच्या दातांच्या बाहेर असायला हवेत. कुठे वरचा दात आत गेलेला दिसतो का?

४. मूल तोंड मिटताना खालचा जबडा शेवटच्या क्षणी एका बाजूला सरकतो का, ते समोरून पाहा. तीन-चार वेळा उघडझाप करून घ्या. पहिल्यांदा मूल मुद्दाम नीट चावतं.

५. दाढांवरचे डाग पाहण्याआधी त्या कपड्याने कोरड्या करा. ओल्या दातावर फिकट डाग लपतो.

समोरून, दोन्ही बाजूंनी, वरचा जबडा आणि खालचा जबडा असे पाच फोटो काढून तारखेसह ठेवा. वर्षभरापूर्वीचा फोटो समोर असला की डॉक्टरांचा अंदाज बराच पक्का होतो.

सहा वर्षांची दाढ

तोंडातल्या सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित दाताला वेगळी जागा द्यायलाच हवी. पहिली पक्की दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नव्या जागेत उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतही नाही. पुढे कीड लागली की ‘दुधाचीच आहे, पडेल’ असं म्हटलं जातं. ती पडणार नसते.

अर्धवट वर आलेली दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून सरळ फिरणारा ब्रश तिच्यावरून निसटतो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून फक्त त्या दाढेवर फिरवायचा. वरच्या बाजूच्या खाचा खोल असतील तर दाढ पुरेशी वर आली की सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, लावून घ्या. त्या वेळी दाढ कोरडी ठेवता आली नाही तर सीलंट लवकर निघतं. म्हणून हिरडीचा पदर अजून दाढेवर असेल तर डॉक्टर तात्पुरतं ग्लास आयोनोमर (दातात भरायचं सिमेंट) भरतात आणि नंतर पक्कं सीलंट करतात. दर तपासणीला ते शाबूत आहे ना, हे पाहायचं.

कधी ही दाढ पुढे झुकून दुधाच्या दाढेच्या मागच्या कडेखाली अडकते. तिचा मागचा भाग दिसतो आणि पुढचा दिसत नाही. बऱ्याच अडकलेल्या दाढा आपोआप सुटतात, पण सातव्या वर्षापर्यंत सुटली नाही तर दोन दातांमध्ये रबराचा किंवा पितळी तारेचा सेपरेटर घालून तिला मागे सरकवतात. तसंच राहू दिलं तर दुधाच्या दाढेचं मूळ झिजून ती अकाली पडते आणि मागची दाढ तिची जागा बळकावते.

दुहेरी रांग

खालचे दुधाचे दात अजून उभे आणि त्यांच्या मागे, जिभेच्या बाजूला पक्के दात वर आलेले. सहाव्या-सातव्या वर्षी हे इतकं सर्रास दिसतं की त्याला दोष म्हणणंही जड जातं. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला जिभेने, स्वच्छ बोटाने तो हलवत राहायला सांगा आणि दोन-तीन महिने वाट पाहा. तो पडला की जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते. दात अजिबात हलत नसेल, किंवा पक्का दात जवळपास पूर्ण वर येऊनही दुधाचा घट्ट असेल, तर काढून घ्यावा. वरच्या जबड्यात मात्र इतकं थांबायचं नाही. वरचा पक्का दात टाळूच्या बाजूने आला तर खालच्या दातांच्या आत अडकतो आणि मग जीभ काही करू शकत नाही.

जन्मतःच दात

क्वचित बाळ दात घेऊन जन्मतं किंवा पहिल्या महिन्यात दात दिसतो. हा बहुतेक वेळा खालचा मधला दुधाचाच दात असतो. वेगळा, जादा दात फार थोड्या बाळांत निघतो. म्हणून घट्ट असेल तर काढायचा नाही. काढला तर ती जागा पक्का दात येईपर्यंत रिकामी राहते. फार हलत असेल आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असेल तर काढावा लागतो. त्याआधी बाळाला जन्माच्या वेळी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं होतं ना, याची खात्री करून घ्या. दिलं नसेल तर रक्त थांबायला त्रास होऊ शकतो. दाताच्या धारेने जिभेखाली जखम होत असेल तर धार घासून गुळगुळीत करतात.

कमी दात, जादा दात, विचित्र दात

अक्कलदाढा सोडल्या तर जन्मतः नसण्याची सवय दोन दातांना आहे: खालची दुसरी उपदाढ आणि वरच्या मधल्या दातांच्या शेजारचा दात. संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, म्हणजे ओपीजीत, हे कळतं. दुसऱ्या उपदाढेचा कोंब उशिरा दिसू शकतो, म्हणून आठव्या वर्षाच्या ओपीजीवरून ‘नाहीच’ असा निकाल देण्याची घाई नको. पुढे पुन्हा पाहावं.

उपदाढ नसेल तर तिच्या जागची दुधाची दाढ हाच उपचार. मुळं चांगली असतील आणि कीड नसेल तर ती तिशीपर्यंत आणि पुढेही टिकू शकते. ‘दुधाची आहे’ म्हणून ती काढून टाकणं ही चूक फार महागात पडते. शेजारचा दात नसेल तर दोन वाटा आहेत. सुळा पुढे आणून त्याला कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरावाने) शेजारच्या दाताचा आकार देता येतो, किंवा तारेने जागा राखून नंतर तिथे दात बसवता येतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, मात्र जबड्याची वाढ थांबल्यावरच, म्हणजे विशीच्या आसपास. हाड वाढत राहतं आणि इम्प्लांट आहे तिथेच राहतो. त्यामुळे पंधराव्या वर्षी बसवलेला दात काही वर्षांनी शेजाऱ्यांपेक्षा आखूड आणि वर गेल्यासारखा दिसतो. मधल्या काळात ब्रिज, म्हणजे शेजारच्या दाताला चिकटवलेला खोटा दात, चालतो.

सहा किंवा जास्त दात नसतील, असलेले सुळ्यासारखे टोकदार असतील, केस विरळ असतील आणि मुलाला घाम कमी येत असेल, तर एक्टोडर्मल डिस्प्लेशिया या जन्मजात विकाराची शंका घ्यायची. अशा मुलांना उष्णता सोसत नाही. कवळी तीन-चार वर्षांच्या वयातही बसवता येते, आणि जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते.

जादा दात बहुधा वरच्या मधल्या दोन दातांच्या मध्ये दडलेला असतो. सातव्या-आठव्या वर्षी वरचा मधला दात न येण्यामागे नेहमीचं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे बालपणी पडून दुधाच्या दाताला बसलेला मार. जादा दात काढून जागा मोकळी केली की अडकलेला दात बरेचदा स्वतः खाली येतो, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. अडकलेल्या दाताचं मूळ पूर्ण होण्याआधी केलं तर यश जास्त. उशीर झाला तर दातावर छोटी कडी चिकटवून तारेने खाली ओढावं लागतं.

दुधाचे दोन दात जोडलेले असतील तर फक्त मधली खाच सील करा आणि सहाव्या वर्षी एक्स-रे नक्की काढा. त्यांच्या जागी येणारा पक्का दात कमी किंवा जास्त असण्याची शक्यता अशा मुलांत वाढते.

दोन छोट्या गोष्टी दिसायला क्षुल्लक पण गंभीर आहेत. उपदाढेच्या मधोमध शिंगासारखा उंचवटा दिसला तर त्याच्या आत नस असते. तो मोडला की कीड नसतानाही दात मरतो. उंचवट्याभोवती कॉम्पोझिटचा आधार देऊन तो वाचवतात. एकदम घासून सपाट करू देऊ नका. दुसरी गोष्ट, वरच्या शेजारच्या दाताच्या मागे खोल खड्डा. दात येताच तो सील केला तर रूट कॅनाल टळतो.

वरचा सुळा

दहाव्या वाढदिवसाला हे एक काम करा. मुलाचा वरचा ओठ उचला, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडी जिथे गालाला वळते तिथे तर्जनी ठेवा आणि पुढे-मागे सरकवा. हाडासारखा कठीण, गोलसर फुगवटा हाताला लागला पाहिजे, दोन्ही बाजूंना साधारण सारखा. तोच येणारा पक्का सुळा. एका बाजूला लागतो आणि दुसरीकडे नाही, किंवा दोन्हीकडे काहीच नाही, तर त्याच वर्षी दाखवून घ्या. शेजारचा दात बारीक किंवा जन्मतः नसेल तर सुळा भरकटण्याची शक्यता आणखी वाढते.

भरकटलेला सुळा बरेचदा टाळूकडे वळलेला असतो. १० ते १३ या वयात फक्त दुधाचा सुळा काढला तरी अनेकदा पक्का सुळा आपली वाट सुधारतो, मात्र त्याला जागा असायला हवी. वर्षभरात एक्स-रेमध्ये सुधारणा दिसली नाही तर हिरडी उघडून सुळ्याला कडी लावणं आणि तारेने खेचणं, हा दीड-दोन वर्षांचा उद्योग. काहीच केलं नाही तर सुळा शेजारच्या दाताचं मूळ विरघळवू शकतो. दुखत काहीच नाही, म्हणून हे कळत नाही.

डाग आणि ठिसूळ इनॅमल

सगळे डाग सारखे नसतात आणि उपचार ठरतो तो डाग कुठे आणि कसा आहे यावरून.

सर्व दातांवर, डावीकडे-उजवीकडे सारख्याच, धूसर पांढऱ्या आडव्या रेघा किंवा ठिपके असतील तर फ्लुरोसिसचा संशय घ्या. दाताचं बाहेरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, तयार होत असताना (पहिल्या काही वर्षांत) पोटात जास्त फ्लोराइड गेल्याने हे होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. आरओ फिल्टरने ते कमी होतं. पेस्टचं प्रमाण सांभाळा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, १००० पीपीएम फ्लोराइडची. फ्लोराइड नसलेली पेस्ट देणं हा फ्लुरोसिसवरचा उपाय नाही, त्याने कीड वाढते.

सगळ्या दातांना न होता फक्त पहिल्या पक्क्या दाढांना आणि कधी पुढच्या दातांना कडा स्पष्ट असलेले मलईच्या, पिवळ्या किंवा तपकिरी रंगाचे डाग असतील तर ते एमआयएच, म्हणजे या दातांचं इनॅमल कच्चं राहणं. चारपैकी एक दाढ खराब, दुसरी जवळपास चांगली, असंही असतं. या दाढांचं इनॅमल जन्माच्या सुमारास तयार व्हायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतं. त्या काळातल्या आजारपणाशी याचा संबंध दिसतो, नेमकं एक कारण सांगता येत नाही. पालकांनी स्वतःला दोष देण्यासारखं यात काही नाही. डाग जितका गडद, तितकं इनॅमल सच्छिद्र.

अशी दाढ गार हवेनेही झिणझिणते, म्हणून मूल ती बाजू घासत नाही. न घासल्याने कीड लागते. नवीन दाढ वर येताच तिचा कोपरा तुटतो आणि घरचे म्हणतात, ‘एवढ्यात किडली कशी?’ कोमट पाणी आणि मऊ ब्रश वापरायला द्या. दर तीन महिन्यांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या. वार्निश लावल्यावर त्या दिवशी कडक आणि गरम खाणं टाळायचं आणि ब्रश दुसऱ्या दिवशी करायचा.

डागापुरतीच खराबी असेल तर सीलंट किंवा ग्लास आयोनोमर पुरतं. कोपरे तुटत असतील तर तिथे परत परत फिलिंग करू नका. फिलिंगची कड सच्छिद्र इनॅमलवर येते आणि सुटते. स्टीलची तयार कॅप बसवली की दाढ झाकली जाते आणि झिणझिण्या थांबतात. कॅपनंतर चावताना उंच वाटतं, ते काही आठवड्यांत बसतं. या दाढांवर बधिर करण्याचं इंजेक्शनही नीट चढत नाही, म्हणून मूल ‘दुखतंय’ म्हणालं तर ते नाटक समजू नका. डॉक्टरांना आधीच सांगा.

दाढ पार गेली असेल तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ती काढून मागच्या दाढेला पुढे येऊ देणं हा पर्याय कानाला विचित्र वाटतो, पण योग्य वेळी चांगला उतरतो. योग्य वेळ म्हणजे ओपीजीत दुसऱ्या पक्क्या दाढेची मुळं जिथे दुभागतात तो भाग नुकताच बनू लागलेला दिसतो तेव्हा. उशीर झाला तर खालच्या जबड्यात फट राहते आणि दाढ पुढे झुकते. हा निर्णय ऑर्थोडॉन्टिस्टना (दात आणि जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) विचारूनच घ्यावा.

एकाच पक्क्या दातावर खड्डा किंवा तपकिरी डाग असेल, तर त्याच्या जागी पूर्वी असलेल्या दुधाच्या दाताला पू झाला होता का किंवा मार लागला होता का, ते आठवा. म्हणूनच दुधाच्या किडलेल्या दाताला ‘पडणारच आहे’ म्हणून सोडायचं नाही. आणि पडून दुधाचा दात अख्खा बाहेर आला तर तो परत खोबणीत बसवू नका, खालच्या पक्क्या कोंबाला इजा होते.

पुढच्या दातांवरचे पांढरे डाग घालवायला आधी साधे उपाय. वरवरचे डाग आम्ल आणि प्युमिसच्या लेपाने हलकेच घासून काढतात. थोडे खोल असतील तर त्यांत पातळ रेझिन जिरवतात. कॉम्पोझिट त्यानंतर. पोर्सिलिनचं आवरण मोठेपणी, कारण लहान वयात हिरडी अजून मागे सरकत असते आणि दाताची नसही मोठी असते.

सगळेच दात, दुधाचे आणि पक्के, पिवळे-तपकिरी आणि भराभर झिजणारे असतील तर दोष आनुवंशिक असू शकतो. घरात आणखी कुणाला आहे का, ते विचारा. निळसर-तपकिरी, काचेसारखे दात आणि वारंवार हाडं मोडणं एकत्र दिसलं तर हाडांची तपासणी हवी. यात दाढांवर कॅप लवकर बसवणं हेच मुख्य, नाहीतर दात हिरडीपर्यंत झिजतात. आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन देणं टाळतात तेही यासाठीच. ते तयार होणाऱ्या दातात जाऊन बसतं आणि डाग कायमचा राहतो.

दुधाची दाढ लवकर गेली तर

पुढचा दुधाचा दात लवकर गेला तर दुधाचे सुळे आलेले असताना जागा सहसा जात नाही. दाढेचं तसं नाही. दुसरी दुधाची दाढ काढली की मागची पक्की दाढ पुढे सरकते, आणि सर्वांत जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांत जाते. म्हणून दाढ काढतानाच ‘स्पेस मेंटेनर (जागा राखणारं साधन) लागेल का?’ हा प्रश्न विचारा. खालची पक्की उपदाढ वर यायला सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर गरज नाही. तिच्यावर हाडाचं आवरण जाड असेल तर अजून बराच वेळ आहे.

एकच दाढ गेली असेल तर शेजारच्या दाढेवर पट्टी आणि पुढे तारेची कमान, इतकं साधं साधन पुरतं. खाली दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर दातांमागून जाणारी तार लावतात, पण ती खालचे पुढचे पक्के दात आल्यावरच. आधी लावली तर त्यांची वाट अडते. दर चार-सहा महिन्यांनी सिमेंट धुपलं नाही ना, कमान हिरडीत रुतत नाही ना, हे पाहून घ्यायचं. उपदाढ डोकावली की साधन काढायचं.

दुधाची दाढ शेजाऱ्यांपेक्षा खाली बुडाल्यासारखी दिसत असेल तर तिचं मूळ हाडाला चिकटलेलं असतं. खाली उपदाढ असेल आणि फरक थोडा असेल तर लक्ष ठेवायचं. ती थोडी उशिरा पडते. फरक वाढत गेला आणि शेजारचे दात तिच्यावर कलंडू लागले तर काढायची.

चार वर्षांच्या आत दुधाचा दात मार न लागता, अख्ख्या मुळासकट पडला, तर तो डबीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज तपासून घ्या. ते कमी निघालं तर हायपोफॉस्फॅटेशिया या हाडांच्या विकाराचा विचार करतात. कीड नसताना हिरडीवर वारंवार गळू होणं हे फॉस्फेट कमी असणाऱ्या आनुवंशिक मुडदुसाचं लक्षण असू शकतं.

फट, अंगठा आणि जबडा

वरच्या मधल्या दोन दातांतली २ मिमीपर्यंतची फट आणि बाहेर झुकलेले शेजारचे दात ८ ते ११ वयात सर्रास दिसतात. सुळे खाली आले की फट मिटते. वरचा ओठ हिरडीला जोडणारा पडदा कापायची घाई करू नका. तो विचार सुळे आल्यानंतर.

अंगठा चोखणं तीन-चार वर्षांपर्यंत सुटलं तर दात बरेचदा पूर्ववत होतात. पक्के पुढचे दात येण्याआधी मात्र सुटलंच पाहिजे. आधी रागावणं बंद, मग सुटलेल्या दिवसांचा तक्ता, रात्रीसाठी हातमोजा किंवा कोपरावर सैल बांधलेली मऊ पट्टी. सहाव्या-सातव्या वर्षीही सुटलं नाही आणि मुलाला स्वतःला सोडायचं असेल तर वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूपाशी जाळी बसवतात. मुलाची तयारी नसताना बसवलेली जाळी ते तोडतं.

तोंडाने श्वास, घोरणं आणि अरुंद वरचा जबडा एकत्र दिसले तर आधी नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. वाढलेल्या ॲडेनॉइड्सचं (नाकामागच्या गाठींचं) निदान न होता लावलेली तार टिकत नाही.

जबड्याच्या तक्रारींसाठी सातव्या वर्षी ऑर्थोडॉन्टिस्टना एकदा दाखवणं योग्य. चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल तर ७ ते ९ वयात वरचा जबडा रुंद करतात. खालचा जबडा पुढे असेल तर चेहऱ्यावरचा मास्क रोज १२ ते १४ तास लावावा लागतो, आणि दहा वर्षांच्या आत त्याचा गुण चांगला येतो. वरचे दात फार पुढे असतील तर खालच्या जबड्याला पुढे आणणारी प्लेट वाढीच्या झपाट्यात लावतात. पण खेळताना दात मोडण्याचा धोका असेल तर आधीही. तोवर खेळताना माऊथगार्ड.

साधनं घरी सांभाळताना

जबडा रुंद करणाऱ्या प्लेटच्या स्क्रूचा पाव फेरा म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. किल्लीला दोरा बांधा आणि तो बोटाला गुंडाळा, म्हणजे किल्ली घशात जाणार नाही. पुढून मागे फिरवताना पुढचं भोक दिसेपर्यंत फेरा पूर्ण करा. अर्ध्यावर सोडला तर दुसऱ्या दिवशी किल्ली बसत नाही. एखादा फेरा चुकला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. रुंद होताना मधल्या दातांत फट पडते. ती अपेक्षितच आहे. स्क्रू थांबवल्यावर प्लेट आणखी तीन ते सहा महिने ठेवायची.

काढता-घालता येणारी प्लेट गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती वाकते आणि मग बसत नाही. जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवली की हमखास कचऱ्यात जाते, तिची डबी दप्तरातच ठेवा. चिकटवलेलं साधन निघालं तर तुकडे जपून ठेवून दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. घरचा गोंद लावून परत चिकटवू नका. तारेचं टोक गालात टोचत असेल तर भेटीपर्यंत त्यावर ऑर्थोडॉन्टिक मेण दाबून लावा.